टांगत्या टोपलीतले टोमॅटो : या चुका टाळा

पहिली चूक बियाणे घेतानाच होते. भाजीच्या टोमॅटोची बरीच संकरित वाणे पाच-सहा फूट वाढतात आणि त्यांना काठी-सुतळीचा आधार लागतो. टोपलीत ती लोंबत नाहीत, वजनाने मोडतात. ‘टंबलिंग टॉम’, ‘टंबलर’ असे बुटके, खाली झुकणारे चेरी वाण घ्या आणि त्यांची बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे कोंब) खुडू नका. उंच वाणांची काढतात म्हणून इथेही कात्री चालवली, तर फळे धरणाऱ्या फांद्याच जातात.

दुसरी चूक हंगामाची. फेब्रुवारीत नर्सरीतली रोपे टवटवीत दिसतात, पण ती फुलावर येईपर्यंत पुण्याचा पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो. त्या उष्णतेत परागकण निकामी होतात आणि फुले देठातून गळतात. टॉनिक फवारून ही फुलगळ थांबत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाका, चार आठवड्यांचे रोप टोपलीत लावा, डिसेंबरच्या आसपास तोडा सुरू होतो. जून-जुलैत उघड्यावर टांगलेल्या टोपलीत पाने सतत ओली राहून करपा येतो.

या हंगामात दक्षिणेकडची बाल्कनी उत्तम, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन आतपर्यंत येते. उत्तरेच्या बाल्कनीत सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे हा खटाटोप करू नका, पुदिना लावा. टोमॅटोला किमान सहा तास ऊन हवे.

आता पाणी. टोपलीतल्या टोमॅटोच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. टोपलीला चहूबाजूंनी वारा लागतो, काथ्याचे अस्तर पाणी धरत नाही आणि आठ-दहा लिटर माध्यम (मातीऐवजी भरलेले मिश्रण) पाहता पाहता सुकते. म्हणून टोपली १२ इंचांपेक्षा लहान नको आणि एका टोपलीत एकच रोप. अस्तराच्या आत प्लॅस्टिक घालून तळाशी पाच-सहा भोके पाडा. माध्यमात चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चार भाग गांडूळखत, दोन भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि मूठभर निंबोळी पेंड. बागेतली काळी माती नको. ती जड असते आणि सुकली की भेगाळते.

बोट दोन इंच खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्या, पण तळातून निथळेपर्यंत द्या. (खाली ताटली लावा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून सोसायटीत वाद ठरलेला.) पाणी घालताच खालून वाहून जात असेल, तर टोपली भिजली असे समजू नका. सुकलेले कोकोपीट आकसते आणि पाणी कडेच्या फटीतून निसटते. अशा वेळी टोपली अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा.

फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग दिसला की अनेक जण बुरशीनाशक फवारतात. हा बुरशीजन्य रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते. दोन दिवस कोरडे, तिसऱ्या दिवशी भरपूर, असे झाले की ते फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले फार सावकाश कुजतात, त्यांचा या हंगामात उपयोग नाही. रोज ओल तपासून पाणी देण्याची वेळ बांधून घ्या. शिवाय कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून दर पंधरा दिवसांनी लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. दुसरे विद्राव्य खत त्याच पाण्यात मिसळू नका, साका बसतो. डाग पडलेले फळ सुधारत नाही, तोडून टाका.

झाड हिरवेगार, पण फूल नाही? नत्र जास्त झाले. कळ्या दिसेपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत), पुढे १३:०:४५ (नत्र कमी, पालाश जास्त), लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा. फुले येऊनही फळ धरत नसेल, तर सकाळी दहाच्या सुमारास फांद्यांना हलक्या टिचक्या मारा.

भिजलेली टोपली दहा किलोच्या घरात जाते. हुक पीओपीच्या छतात नको, स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) मारूनच बसवा.

पाने वळली म्हणजे लगेच विषाणू नव्हे. दुपारच्या उन्हात खालची जुनी पाने वर वळतात, त्याची काळजी नको. शेंड्याची नवी पाने मात्र बारीक, पिवळसर आणि चुरगळलेली येत असतील, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला बोकड्या, म्हणजे पाने चुरगळवणारा विषाणूरोग. त्यावर औषध नाही. रोप पिशवीत बांधून फेकून द्या आणि शेजारच्या रोपांवर पिवळे चिकट सापळे लावा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब द्रवसाबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.