लेकराची दाढ काढायची ठरली तर

वेळ सकाळचीच मागा. दुपारी जळगावच्या उन्हातून गेलेलं लेकरू आधीच किरकिरं झालेलं असतं. फक्त हिरडीत इंजेक्शन देऊन काढणार असतील, तर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पोटभर खाऊ घालून न्या. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र उपाशी किती तास ठेवायचं, ते लिहूनच घ्या. दोन-तीन दाढा काढायच्या असल्या तर एकाच बैठकीत की एकेक बाजू, हे आधी ठरवा.

एक प्रश्न हमखास विचारा: ‘जागा राखायला तार बसवायची का?’ दुधाची दाढ साधारण 10 ते 12 व्या वर्षी पडते. ती सहाव्या-सातव्या वर्षीच काढली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाढेला जागा उरत नाही. मुलांचे दंततज्ज्ञ गावात नसतील तर धुळ्याला दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

घरी आल्यावर खरी राखण ओठाची. बधिरपणा दोन-तीन तास टिकतो, तेवढ्यात मुलं ओठ चावून सुजवून घेतात. तो उतरेपर्यंत खायला नको. मग गार शिकरण द्या, आपल्याकडे केळ्यांना काय तोटा! स्ट्रॉ आणि शेवभाजी दोन दिवस बंद. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नका.