'इन' की 'इन्टू'? आधी क्रियापद बघा

मराठीत 'खोलीत बसला' आणि 'खोलीत गेला', दोन्हीकडे तोच 'त' चालून जातो. इंग्रजीत बसायला 'इन द रूम', जायला 'इन्टू द रूम'. म्हणून अव्यय निवडण्याआधी क्रियापदाकडे बघा. माणूस जागेवर असेल तर 'इन', 'ऑन', 'अ‍ॅट'. कुठे निघाला असेल तर 'इन्टू', 'ऑन्टू', 'टू'.

खरी गंमत 'अंडर' आणि 'बिहाइंड' यांची. यांना गतीसाठी वेगळं रूपच नाही. 'द कॅट रॅन अंडर द टेबल' म्हणजे मांजर पळत टेबलाखाली शिरलं, की टेबलाखालून पलीकडे गेलं, की तिथेच खाली धावत राहिलं? तिन्ही अर्थ निघतात, संदर्भ बघून ठरवायचं. मांजर बाहेर आलं असेल तर मात्र दोन अव्ययं जोडून 'फ्रॉम अंडर द टेबल' म्हणतात. आपलं 'टेबलाखालून' बाहेर येण्यालाही चालतं आणि पलीकडे जाण्यालाही, आणि भाषांतरात नेमका तिथेच घोळ होतो.

आपण 'पुण्याला पोचलो' म्हणतो, त्यामुळे 'रीच्ड टू पुणे' आपसूक तोंडात येतं. तो 'टू' काढून टाका. 'रीच'ला अव्यय लागतच नाही. 'अराइव्ह'ला लागतं, पण 'टू' नव्हे: शहराला 'इन', स्टेशनला 'अ‍ॅट'. घरी जायचं तर नुसतं 'गो होम'. आणि 'एंटर इन्टू' हे करारात शिरताना म्हणायचं. खोलीत शिरताना 'एंटर द रूम' पुरे.