वायपरची ब्लेड आणायला जाण्याआधी: आर्मचे टोक पाहा

वायपरची ब्लेड बदलायची ठरवली की सर्वांत आधी आर्मचे, म्हणजे ब्लेड धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याचे, टोक पाहावे. लांबी, कंपनी, रबर आणि किंमत यांचा विचार त्यानंतर. गेल्या पावसाळ्यात मी लांबी अचूक मोजून नेली, ब्लेडही नावाजलेले घेतले आणि ते आर्मवर बसलेच नाही, कारण माझ्या गाडीचा आर्म हुकाचा नसून बटणाचा आहे. डबी फोडलेली असल्यामुळे दुकानदाराने माल परत घेतला नाही, आणि त्याचे काही चुकलेही नव्हते. त्यामुळे खालच्या मजकुरात टोकाचा विषय वारंवार येईल; कंटाळा आला तरी तो भाग गाळून पुढे जाऊ नये.

खरेदीची वेळ नागपूरच्या उन्हाकडे पाहून ठरवावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची समोरची काच हात लावू देत नाही, आणि वायपरचे रबर दिवसभर त्याच काचेला चिकटून भाजत असते. मार्चमध्ये हौसेने बसवलेले नवे ब्लेड नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत निम्मे म्हातारे होते. म्हणून खरेदी मेच्या अखेरीस करावी, डबी घरात सावलीत ठेवावी आणि मृग लागण्याच्या सुमारास ब्लेड बसवावे. पहिली जोरदार सर आल्यावर दुकानात धावणाऱ्यांना आपल्या मापाचे ब्लेड मिळेलच असे नाही, आणि गर्दीत दुकानदाराला आर्म पाहायला सवडही नसते.

जुने ब्लेड खरोखर गेले आहे का, हे आधी तपासावे. काच आणि रबराची कड ओल्या फडक्याने पुसली की पुष्कळदा रेघा आपोआप जातात, कारण त्या झिजेच्या नसून धुळीच्या असतात. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गाडीवर तर राखेची बारीक भुकटीही बसते. अशा कोरड्या काचेवर वायपर फिरवला तर रबर आणि काच दोन्हींवर ओरखडे पडतात. पुसल्यानंतरही पाण्याचा धूसर पापुद्रा मागे राहत असेल, ब्लेड थडथडत उड्या मारत असेल, किंवा कडेवरून बोट फिरवताना ती मऊ न लागता कडक आणि खरखरीत लागत असेल, तर बदलण्याला पर्याय नाही. मात्र काचेचा एखादाच पट्टा नेहमी ओला राहत असेल, तर दोष आर्मच्या सैल झालेल्या स्प्रिंगचा किंवा वाकलेल्या आर्मचा असू शकतो, आणि तिथे कितीही महाग ब्लेड लावले तरी उपयोग होत नाही.

लांबी इंचांत मोजतात. बहुतेक गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचे ब्लेड लांब आणि दुसरे आखूड असते, म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजावीत. गाडीच्या पुस्तिकेत मापे दिलेली असतात. एखादा इंच जास्त घेतल्याने जास्त काच पुसली जाईल हा हिशेब करू नये. लांब ब्लेड कडेच्या खांबाला घासते किंवा दोन्ही ब्लेड एकमेकांत अडकतात.

आता टोक. आर्म जिथे संपतो आणि ब्लेड जिथे त्याला जोडलेले असते, तो दोन-तीन सेंटिमीटरचा भाग भर उजेडात नीट पाहावा. टोक छत्रीच्या मुठीसारखे वळलेले असेल तर तो हुक, आणि हाच प्रकार जुन्या व मध्यम किमतीच्या गाड्यांत सर्वाधिक दिसतो. मात्र हुकांतही फरक असतो: पट्टीची रुंदी ९ मिलिमीटर असली तरी जाडी ३ किंवा ४ मिलिमीटर असते आणि त्यानुसार आतली क्लिप बदलते. टोक सरळ असून त्याच्या वरच्या बाजूला चौकोनी भोक असेल आणि त्यातून ब्लेडचे बटण वर आलेले दिसत असेल, तर तो बटणाचा आर्म. काहींमध्ये दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे खटके असतात, तर काहींमध्ये आर्मच्या कुशीतून आडवी पिन बाहेर आलेली असते. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल; मोबाइलवर वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढावेत आणि ते दुकानदाराच्या डोळ्यांसमोर धरावेत. नुसते गाडीचे नाव सांगून टोक पाहिल्यासारखे होत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत आर्म वेगळा असू शकतो. काउंटरवर हमखास ऐकू येणारे ‘बसून जाते ना भाऊ’ हे वाक्य प्रेमळ असले तरी त्यावर विसंबू नये. डबीवर छापलेली आर्मची चित्रे आपल्या फोटोशी ताडून पाहावीत. सर्वांत उत्तम म्हणजे गाडीच दुकानापर्यंत न्यावी आणि पैसे देण्याआधी ब्लेड लावून घ्यावे. डबीत तीन-चार प्लॅस्टिकच्या क्लिपा येतात. आपल्या टोकाची क्लिप त्यांत आहे याची खात्री होईपर्यंत एकही फेकू नये.

प्रकाराबाबत फार डोके शिणवण्याची गरज नाही. लोखंडी सांगाड्याचे ब्लेड स्वस्त असते आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला पुरते, पण त्याच्या सांध्यांत धूळ-चिखल बसला की दाब सगळीकडे सारखा पडत नाही. सपाट ब्लेडमध्ये आतली वाकवलेली पोलादी पट्टी दाब सर्व लांबीभर वाटते आणि वाऱ्याने ते कमी उचलले जाते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा असल्यामुळे तिकडे वारंवार जाणाऱ्यांनी सपाटच घ्यावे. सपाट ब्लेडवर वाऱ्याचा दाब घेणारा उंचवटा एकाच बाजूला असतो, म्हणून ते उलटे बसवू नये. सिलिकॉनचे रबर महाग असले तरी उन्हात साध्या रबरापेक्षा जास्त टिकते; गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर हा खर्च पटण्यासारखा आहे, आणि घराखाली सावलीत राहत असेल तर ग्राफाइट चढवलेले साधे रबर पुरे. कोणताही प्रकार निवडला तरी तो आपल्या आर्मच्या टोकाला बसणारा हवा, हे इथेही सांगतो, कारण सपाट ब्लेडच्या मोहात हेच विसरायला होते.

ब्लेड काढताना आर्म उभा करण्यापूर्वी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा. ब्लेड निघाल्यावर उघडा लोखंडी आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला तर काच तडकते, आणि मग ब्लेडच्या बचतीचा विषयच संपतो. काही नव्या गाड्यांत आर्म बोनेटच्या कडेखाली दडलेला असतो. तो जबरदस्तीने उचलू नये, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वायपर आधी दुरुस्तीच्या स्थितीत, म्हणजे काचेच्या मध्यावर आणून घ्यावा.

पुढचे थोडक्यात. काच आधी धुवावी. क्लिप बसल्याचा टक असा आवाज आला पाहिजे. आला नसेल तर हलकेच ओढून पाहावे. रबरावरचे प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण काढावे. पाणी मारून सर्व वेगांवर एकदा फिरवून पाहावे. मागच्या काचेलाही वायपर असेल तर त्याचे ब्लेड बहुधा त्या मॉडेलपुरतेच बनलेले असते, तेव्हा त्याच्या टोकाचा फोटो वेगळा काढावा. जुन्या क्लिपा डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवाव्यात. काचेवर पाणी फवारणाऱ्या वॉशरच्या टाकीत बोअरचे पाणी भरू नये, क्षारांनी नोझल बुजतात. बुजलेच तर बारीक सुईने मोकळे होते.