पाय मुरगळल्यावर बर्फ लावताय? या चुका टाळा

पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना किंवा पावसात अंजनेरीच्या निसरड्या वाटेवर घोटा मुरगळला की घरी पहिली आठवण येते ती तेलाची आणि गरम पाण्याच्या पिशवीची. नेमकं तेच पहिले 2 दिवस नको. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. शेकून, चोळून रक्तस्राव वाढतो आणि संध्याकाळपर्यंत घोटा टम्म फुगतो.

दुसरी चूक म्हणजे बर्फ थेट त्वचेवर ठेवणं. फ्रीझरमधला तुकडा उणे 18 अंशांच्या आसपास असतो, त्यानं कातडी जळते. 10-12 तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, कपभर पाणी ओता, हवा काढून गाठ मारा. वितळता बर्फ शून्य अंशावर राहतो आणि पिशवी घोट्याच्या खळग्यात नीट बसते. खाली ओला करून पिळलेला सुती रुमाल घाला. जाड टर्किश टॉवेलातून गारवा पोचतच नाही, मग लोक म्हणतात, ‘बर्फानं काही झालं नाही’. हिवाळ्यात सोलून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या मटारची पिशवीही चालते. बर्फात मीठ मात्र घालू नका. तापमान शून्याच्या बरंच खाली जातं.

वेळ 10 ते 15 मिनिटं, फार तर 20. आधी गार, मग झोंबतं, मग ठणकतं, मग बधिर होतं. बधिर झालं की काढायचं. 5 मिनिटांनी रुमाल उचलून बघा: कातडी लालसर असेल तर ठीक, पांढरट किंवा मेणचट दिसली तर लगेच थांबा. पुन्हा 2-3 तासांनी. पिशवी बांधून झोपू नका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कोपराच्या आतल्या बाजूला मज्जातंतू कातडीखाली अगदी वर असतो, तिथे 10 मिनिटं पुरे.

मधुमेहानं पाय बधिर असतील तर बर्फ नकोच. तव्याच्या चटक्यालाही नको. तिथे 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

आठवडाभर बर्फ लावत बसणंही चूक. 1978 साली बर्फाचा सल्ला रूढ करणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिलं, की बर्फानं भरून येणं लांबू शकतं. म्हणून तो दुखणं कमी करण्यापुरताच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसेल तसा घोटा हलवा.

4 पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर बर्फ बाजूला ठेवून एक्स-रे काढून घ्या.