धातूच्या दांडीचा पाइप वापरताय? या चुका टाळा

आपल्याकडे तंबाखूचा पाइप ओढणारे मोजकेच, बिडी नाहीतर खर्रा हेच जास्त, त्यामुळे कुणाला मोठ्या बाबांकडून फाल्कनसारखा ॲल्युमिनियमच्या दांडीचा पाइप मिळाला तर तो सांभाळायचा कसा हे सांगणारं गावात कुणीच भेटत नाही आणि चांगली वस्तू वाया जाते. हा फाल्कन 1936 मध्ये अमेरिकेत केनली बग नावाच्या माणसाने काढला. दांडी धातूची, वर ब्रायर नावाच्या कडक लाकडाचा बाउल, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, आट्यांवर फिरवून बसवायचा, पाहिजे तेव्हा काढून दुसरा लावायचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाउलच्या खालची दांडीवरची वाटी न पुसणं. धातू धुरातली उष्णता पटकन ओढून घेतो, मग धुरातली वाफ त्या वाटीत पाणी होऊन जमते, थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम येतो ना, तसंच. हिवाळ्यात तर जास्तच जमते. हा बिघाड नाही, वाटी त्यासाठीच दिली आहे, पण ते पाणी तिथेच राहिलं की तंबाखूचा चिकटा आट्यात उतरतो, लाकूड फुगतं आणि सकाळी बाउल हलतच नाही. म्हणून ओढून झालं, पाइप हातात धरण्याइतका निवला की लगेच बाउल काढा, वाटी आणि आटे कागदाने कोरडे करा, दांडीतून पाइप क्लीनर, म्हणजे मऊ धागे गुंडाळलेली बारीक तार, फिरवा. मधेच गुडगुड आवाज आला तरी हेच करायचं, जोरात ओढून तो आवाज जात नाही, उलट कडू पाणी तोंडात येतं.

अडकलाच तर पक्कड लावू नका! लाकडाचे आटे एकदा तुटले की तो बाउल गेला. थोडी तंबाखू भरून हळूहळू ओढा, चिकटा नरम पडतो, मग फडक्यात धरून बाउल फिरवा, दांडी नाही. आणि तोंडाकडचा काळा भाग फाल्कनमध्ये पक्का बसवलेला असतो, तो उपटायला जायचंच नाही.

बसवताना पण घाई नको. बाउल ठेवून आधी थोडा उलटा फिरवायचा, आटा जागेवर पडल्याचं बोटांना कळतं, मग सरळ फिरवायचा आणि बोटांच्या जोराने जेवढा बसेल तेवढाच. आटे सरकावेत म्हणून काही जण जवसाचं तेल लावतात, कारण घरात तेच असतं. जवसाचं तेल हवेत सुकून डिंकासारखं घट्ट होतं, वरून गरमी, मग तर विचारूच नका. आटे स्वच्छ अन कोरडे असले की तेल लागतच नाही.

आता धुण्याचं. दांडी भांड्यांसोबत राखेने घासू नका, राख क्षारयुक्त असते आणि क्षार ॲल्युमिनियम खातो, डाग पडतात. वॉशिंग सोडा, चिंच, लिंबू, हेही नको. दांडी कोमट पाण्याने धुतली तर चालते, नंतर पूर्ण वाळवा. बाउल मात्र पाण्यात कधीच बुडवायचा नाही. क्लीनर नाही म्हणून तुराटीची नाहीतर खराट्याची काडी घालू नका, आत तुटली की बसा शोधत. घरचा कापूस बारीक मऊ तारेवर पिळून घेतला तर चांगलं काम भागतं, फक्त तारेचं टोक कापसात पूर्ण झाकलेलं पाहिजे.

खायची तंबाखू पाइपात भरू नका, त्यात चुना मिसळलेला असेल तर अजिबातच नाही, घशालाही वाईट अन धातूलाही. मे महिन्यात तंबाखू कुरकुरीत होते म्हणून लोक पाणी शिंपडतात, ओली तंबाखू म्हणजे नुसती वाफ आणि वाटी भरलीच समजा. तंबाखू ओलसर राहावी म्हणून संत्र्याची साल डब्यात टाकायची सवय तर वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात सहज लागेल, पण साल दोन-चार दिवस तशीच राहिली की बुरशी धरते आणि सगळा डबा फेकावा लागतो. टाकायचीच तर थोडे तास ठेवून काढून घ्या.

धूर थंड लागतो म्हणून कमी घातक असं अनेकांना वाटतं, तसं नाही. पाण्यात थोडा चिकटा अडकतो एवढंच, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका तसाच राहतो, हे घरातल्या पोरांनाही स्पष्ट सांगा.

राख झाडायला पाइप धुऱ्यावरच्या दगडावर आपटू नका, दांडी मानेजवळ वाकते आणि आटे ढिले होतात. टोचणीने हळूच मोकळी करून मातीत पाडा, वरून पाणी टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग असतो, बाहेर कुटार पडलेलं असतं, तिथे पाइप पेटवूच नका, कापसात गेलेली ठिणगी आतल्या आत धुमसत राहते आणि दिसेपर्यंत उशीर होतो.

बाउल बदलता येतात हाच या पाइपचा खरा फायदा, तरी लोक एकच बाउल रोज जाळतात. दोन-तीन ठेवा, एक वापरला की पुढचा एक दिवस त्याला वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. आतला कोळशाचा थर रुपयाच्या नाण्याच्या जाडीवर गेला की बोथट चाकूने हलकेच खरवडा, तळाशी लाकूड काळं पडून भेग दिसली तर मात्र तो बाउल काढून टाका आणि त्याच कंपनीचा नवीन घ्या, दुसरीकडचा जबरदस्तीने बसवला तर दांडीचेच आटे खराब होतात.