वस्तीवर लिहायला निघालात? ओळख कुणी करून दिली, ते आधी नोंदवा

महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी किंवा पत्रकारितेच्या वर्गातल्या कामासाठी शहरातल्या एखाद्या वस्तीवर, तिथल्या सांस्कृतिक जीवनावर लिहायला निघालेल्यांसाठी हे आहे. सहा ककार (कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं), इंट्रो म्हणजे बातमीची सुरुवात, मथळा, फोटोओळ हे वर्गात झालेलं असतं, त्यामुळे ते परत सांगत नाही. वर्गात हमखास राहून जातो तो एकच सापळा. नव्या वार्ताहराचा मजकूर बहुतेक वेळा तिथेच पडतो, म्हणून त्यावर जास्त लिहिते आहे.

सापळा म्हणजे वस्तीत पहिल्यांदा भेटलेला, मदतीला तत्पर असलेला माणूस.

असा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. कुठे तो संस्थेचा पदाधिकारी असतो, कुठे निवृत्त शिक्षक, कुठे हौसेनं स्थानिक इतिहास जमवणारा. त्याच्याकडे वेळ असतो, आठवणी असतात आणि तो थेट अवतरणचिन्हांत टाकता येतील अशी वाक्यं बोलतो. तो तुम्हाला चार-पाच घरांत घेऊन जातो. दोन तासांत वहीत सहा नावं, दहा-बारा अवतरणं आणि पुरेसे फोटो जमतात. काम झालं असं वाटतं. पण ती सहा माणसं म्हणजे सहा स्रोत नव्हेत. ती सगळी एकाच माणसानं निवडलेली आहेत. ज्यांच्याशी त्याचं पटत नाही, ज्यांना तो ओळखत नाही, जे दिवसभर कामावर असतात, जे गेल्या वर्षीच भाड्यानं राहायला आले, ते तुमच्या वहीत नाहीत. आणि ते नाहीत हे तुम्हाला कळतही नाही, कारण न भेटलेल्या माणसाची वहीत काही खूण उरत नाही.

यात तो माणूस खोटं बोलत नसतो, म्हणून तर हे ओळखणं अवघड जातं. त्याला वस्तीबद्दल खरंच माया असते. तो त्याची वस्ती दाखवतो आणि तुम्ही ती अख्खी वस्ती म्हणून छापता.

समाजशास्त्रात अशा साखळीला स्नोबॉल सॅम्पलिंग म्हणतात: एकानं दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी १९६१ साली त्याची शास्त्रीय मांडणी केली, तेव्हा साखळीची सुरुवात यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, निवडलेल्या माणसांपासून होत होती. आपण नेमकी हीच पायरी गाळतो. आपली पहिली व्यक्ती म्हणजे जी आपणहून पुढे आली ती. शिवाय अशा साखळीत ज्याच्या ओळखी जास्त, त्याचं नाव येण्याची शक्यता जास्त. एकटं राहणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस तिच्यात सहसा सापडत नाही.

उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवसापासून करावा लागतो. वहीच्या प्रत्येक पानावर डावीकडे दोन बोटं समास सोडा आणि प्रत्येक नावापुढे 'कुणामार्फत' ते लिहा. संध्याकाळी त्यावरून झाड काढा: कुणी कुणाकडे पाठवलं. मग नावं मोजू नका, मुळं मोजा, म्हणजे जिथून एकेक साखळी सुरू झाली ती माणसं. नऊ नावं आणि मूळ एक, तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे. आठशे शब्दांच्या मजकुराला एकमेकांशी संबंध नसलेली किमान तीन मुळं हवीत, असं माझं ठाम मत आहे. तीन नसतील तर मजकूर पुढच्या अंकात ढकला. डेडलाइन चुकल्याची बोलणी परवडतात.

नवी मुळं शोधायला फार धाडस लागत नाही, वेळ बदलावी लागते. आठवड्यातली एक सकाळ, एक भर दुपार आणि सुट्टीच्या दिवसाची एक रात्र अशा तीन वेगळ्या वेळी एकाच जागी चाळीस-पन्नास मिनिटं बसा. प्रश्न न विचारता फक्त कोण येतं, कोण कुणाशी बोलत नाही, कोणतं दार कायम बंद असतं, हे लिहा. नुसतं बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं. तसं नाही. शिकागो विद्यापीठात १९१४ पासून शिकवणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क आधी दहाएक वर्षं वार्ताहर होते, आणि तेही विद्यार्थ्यांना शहराच्या वस्त्यांमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहायला लावत. बसल्यावर जे दिसतील त्यांतून दोघांना मुद्दाम गाठा: एक भाडेकरू आणि एक रोज बाहेरून इथे कामाला येणारा. तिसरा हवा तो वस्ती सोडून गेलेला. सोडून गेलेल्याचा पत्ता शेजारी देतात, आणि तो सर्वांत मोकळेपणानं बोलतो.

पहिल्या माणसाबरोबर कुणाच्या घरी गेला असाल तर तिथे पुन्हा एकटे जा. तो शेजारी बसलेला असताना घरातली माणसं तुमच्याशी नाही, त्याच्याशी बोलत असतात. तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

सांगोवांगी ओळखायची खूण शब्दांत असते. तिघांनी एकच विशेषण, एकच वर्ष, एकच किस्सा त्याच क्रमानं सांगितला, तर ती एकाच तोंडची गोष्ट आहे. तेव्हा विचारा, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? नसेल तर कुणाकडून ऐकलंत?" आणि निघताना प्रत्येकाला विचारायचंच: "याबद्दल तुमच्यापेक्षा वेगळं कोण सांगेल?" या प्रश्नाला मिळालेलं नाव म्हणजे नव्या मुळाची सुरुवात.

कात्रणांचंही तसंच. तो माणूस जपून ठेवलेली फाइल काढतो, त्यात चार जुनी कात्रणं असतात आणि चारहींत तोच दावा असतो. छापील म्हणून विश्वास ठेवू नका. प्रत्येक कात्रणात माहिती कुणाच्या नावानं दिली आहे ते बघा. बऱ्याचदा पहिल्यात त्याचंच किंवा त्याच्या घरच्या कुणाचं नाव असतं आणि पुढच्या तिघांनी पहिल्यावरून उचललेलं असतं. तुमचा मजकूर पाचवं कात्रण होईल आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याचा आधार घेईल. दावा एखाद्या संकेतस्थळावर असेल तर वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्या पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडा. दावा कधी घुसला, हे तिथे अनेकदा दिसतं.

वर्षांबद्दल तर कुणाच्याच आठवणीवर विसंबू नका. माणसं जुन्या घटना प्रत्यक्षापेक्षा अलीकडे ओढतात. संख्याशास्त्रज्ञ जॉन नेटर आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी १९६४ साली घरदुरुस्तीच्या खर्चाच्या सर्वेक्षणांतून हा दोष दाखवून दिला. म्हणून "कोणत्या साली?" असं विचारू नका. "तेव्हा तुम्ही कितवीत होता? घरात कोण कोण होतं?" असं विचारा, आणि निघालेलं वर्ष जुना नकाशा, नोंदवही किंवा त्या काळचं वर्तमानपत्र यांतल्या एकाशी ताडून बघा. ताळा जमला नाही तर वर्ष लिहूच नका.

हे सगळं करताना आपण कृतघ्न आहोत असं वाटेल, कारण त्यानं चहा पाजला, दिवस दिला आणि आपण त्याचं म्हणणं दुसऱ्यांकडून तपासतोय. वाटू द्या, त्यात काही वावगं नाही. त्याला सरळ सांगा, "तुम्ही सांगितलेलं मी इतरांनाही विचारणार आहे." बहुतेकांना याचा राग येत नाही. तो शत्रू नाही, तीन मुळांपैकी एक आहे.

ज्येष्ठांबद्दल एक. मार्गदर्शक निवडायचा तर नावाजलेला बातमीदार नको, चांगला उपसंपादक निवडा. तुमचा मजकूर स्वतः सुंदर करून देणाऱ्यापेक्षा प्रत्येक ओळीपाशी "हे कुणी सांगितलं?" विचारणारा तुम्हाला घडवतो. एखाद्या ज्येष्ठानं आपली संपर्कयादी दिली तर आभार मानून घ्या, पण कामाची सुरुवात तिच्यापासून करू नका. ती यादी म्हणजे आणखी एक आयतं मूळ. 'अमुक वस्तीत राहणारं कुणी आहे का?' ही ग्रुपवरची पोस्टही तशीच.

बाकीचं थोडक्यात. एक तासाचं बोलणं उतरवायला नवख्याला चार तास तरी लागतात, म्हणून मुलाखत अर्ध्या तासाची ठेवा आणि चांगलं वाक्य आलं की वहीत रेकॉर्डरची वेळ टिपा. आपोआप उतरवून देणारी साधनं विशेषनामं आणि बोलीतले शब्द हमखास बिघडवतात, तेव्हा अवतरण ऐकूनच पक्कं करा. सुरुवातीला दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका. पंख्याखाली ठेवलेल्या फोनमधलं बोलणं नंतर कळत नाही. नाव समोरच्यालाच वहीत लिहायला सांगा. जुना फोटो मिळाला तर त्याच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा. डिजिटल फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, कारण फोटो म्हणून पाठवला की त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. 'हे छापू नका' याचा अर्थ बोलणं सुरू होण्याआधी ठरवा. ज्याला पत्रकारांची सवय नाही त्याला नाव छापलं जाईल हे स्पष्ट शब्दांत सांगा.

लिहिताना 'वस्तीतले लोक सांगतात' हे वाक्य पूर्ण टाळा. 'दोन भाडेकरूंनी सांगितलं', 'संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं म्हणणं आहे', असं लिहा. कुणी सांगितलं हे लिहिता येत नसेल तर ती ओळ काढा.

छापून आल्यावर त्या पहिल्या माणसाचा नाराजीचा फोन येऊ शकतो. घाबरू नका आणि लगेच माफीही मागू नका. विचारा, "कोणती ओळ चुकीची आहे?" नाव, वर्ष, नातं चुकलं असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. 'अमक्याला कशाला विचारलंत' एवढीच तक्रार असेल तर ती ऐकून घ्या आणि वहीत त्या अमक्याच्या नावापुढे तारीख घालून नोंदवा.