गोव्यात ऑर्गॅनोमेटॅलिक केमिस्ट्री करायला येताय? आधी पाण्याचा हिशेब करा

पुणे, सोलापूर, संभाजीनगर अशा कोरड्या भागांतून जे इथं पीएचडीला येतात, त्यांना श्लेंक लाइन (व्हॅक्यूम आणि नायट्रोजनच्या जोडनळ्या, हवा लागू न देता काम करण्यासाठी) चालवता येत असते. तरी पहिल्या जूनमध्ये त्यांची पॉलिमर बिघडतात. रेणुभार निम्म्यावर येतो आणि संशय जातो कॅटॅलिस्टवर. महिनाभर नवीन लिगँड (धातूला जोडलेले रेणू) बनवण्यात जातो. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो.

साधा हिशेब बघा. ३० अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेला एक लिटर हवेत सुमारे २७ मिलिग्रॅम पाणी असतं. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला, तेच ८ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे इथं पावसाळ्यात उघड्या १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये नुसत्या हवेतलं पाणी २.७ मिलिग्रॅम, ०.१५ मिलिमोल.

आता लॅक्टाइडचं रिंग-ओपनिंग घ्या, म्हणजे त्याची कडी उघडून पॉलिमरची साखळी बनवणं. लॅक्टाइड १.४४ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल. इनिशिएटर बेंझाइल अल्कोहोल ०.१ मिलिमोल, १०.८ मिलिग्रॅम. पूर्ण रूपांतर झालं तर रेणुभार साधारण १४,५०० यायला हवा. फ्लास्क नीट पर्ज केला, म्हणजे नायट्रोजननं हवा काढली, पण टॉल्यूइन ५ मिलिलिटर आणि त्यात पाणी २०० पीपीएम. तेवढ्यातच ०.०४८ मिलिमोल पाणी आलं, इनिशिएटरच्या निम्मं. साखळ्यांची संख्या वाढली आणि रेणुभार आला ९,७०० च्या घरात. फसवणारी गोष्ट म्हणजे पाणीही साखळ्या सुरूच करतं, त्यामुळे डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतला फरक) १.१ अशी छान दिसू शकते. वक्र सुंदर म्हणून सगळं ठीक असं समजू नका. माल्डी (पॉलिमरचा मास स्पेक्ट्रम) काढा. बेंझाइल अल्कोहोलची साखळी एंड-ग्रुपला १०८ दाखवेल, पाण्याची १८. दुसरी मालिका दिसली की कॅटॅलिस्टला दोष देणं थांबवा.

जीपीसीचा (रेणुभार मोजायच्या क्रोमॅटोग्राफीचा) आकडा लिहिताना आणखी एक. टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये) पॉलिस्टायरीनच्या स्टँडर्डवर काढलेला पॉलिलॅक्टाइडचा रेणुभार ०.५८ ने गुणावा लागतो, पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा ०.५६ ने. हे न करता "अपेक्षेपेक्षा जास्त आला" असं लिहिलेले अहवाल दरवर्षी दिसतात.

उपाय महागडे नाहीत, पण चिकाटीचे आहेत. टॉल्यूइनसाठी ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी), आकारमानाच्या १० टक्के वजनानं, २४ तास. टीएचएफला २० टक्के आणि किमान ४८ तास. सीव्ह आधी ३०० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर तापवलेली हवी. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेली सीव्ह कोरडी नसते, फक्त गरम असते. सोडियम-बेंझोफिनोनचा निळा रंग आला म्हणजे काम झालं असं जुने लोक सांगतात, पण सीव्हनं त्याहून कोरडा टीएचएफ मिळतो. क्लोरिनवाल्या सॉल्व्हंटमध्ये सोडियम चुकूनही घालू नका, स्फोट होतो. डायक्लोरोमिथेन कॅल्शियम हायड्राइडवर सुकवा.

आणि मोजा. कूलोमेट्रिक कार्ल फिशर (पाणी मोजायचं मशीन) ज्या विभागात आहे, त्या विभागाशी आल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. पावसाळ्यात त्या मशीनचा ड्रिफ्ट (नमुना न घालताही दिसणारं पाणी) मिनिटाला २० मायक्रोग्रॅमच्या खाली येत नसेल, तर सेलच्या ड्रायिंग ट्यूबमधली सीव्ह बदला आणि सेप्टम बघा. तोवर आलेल्या आकड्यांना अर्थ नसतो. मशीन नसेल तर एनएमआर आहेच: ड्युटेरोबेंझीनमध्ये पाण्याचा सिग्नल ०.४० ला दिसतो. सिलिकॉन ग्रीसचा ०.२९ ला, दोघांत गल्लत करू नका.

फ्रिजमधली बाटली हा इथला सर्वांत मोठा चोर. लॅक्टाइड, टिन ऑक्टोएट, डायइमिन लिगँड थंड असताना झाकण उघडलं की आत दव साचतं. बाटली डेसिकेटरमध्ये ठेवून पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किमान तासभर. लॅक्टाइड कोरड्या टॉल्यूइनमधून पुनःस्फटिकीकरण करून मग व्हॅक्यूममध्ये सब्लाइम करा (घनाची थेट वाफ करून परत जमवा). वितळणबिंदू एल-लॅक्टाइडला ९५ ते ९८, रेसेमिकला १२४ ते १२७ अंश. याहून खाली आला तर त्यात लॅक्टिक अॅसिड आहे आणि तेही साखळ्या सुरू करणार. विकतच्या टिन ऑक्टोएटमध्ये मोकळं अॅसिड आणि पाणी दोन्ही असतात, वापरण्याआधी व्हॅक्यूम डिस्टिलेशन करून घ्या.

ग्लोव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली, कोरड्या वायूनं भरलेली बंद पेटी) असला म्हणजे पावसाळा बाहेर राहिला, असं होत नाही. हातमोज्यांच्या रबरातून पाणी झिरपतं, ओलसर टिश्यू अँटीचेंबरमधून (सामान आत न्यायच्या कप्प्यातून) आत जातात. प्युरिफायरचं रीजनरेशन मेअखेरीस उरकून घ्या, ऐन जुलैत प्युरिफायरमधलं कॅटॅलिस्ट संपृक्त झालं तर हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनच्या सिलिंडरसाठी रांगेत बसाल. काचसामान १४० अंशांवर रात्रभर, गरम असतानाच अँटीचेंबरमध्ये, आणि तिथं व्हॅक्यूमखाली थंड.

वीज जाते. हे गृहीत धरूनच लाइन चालवा. पंप थांबला की लगेच सगळे व्हॅक्यूम-नळ बंद, प्रयोग नायट्रोजनखाली, मग द्रव नायट्रोजनचा डेवर (थर्मॉससारखं भांडं) खाली उतरवून ट्रॅप (पंपाआधी वाफा गोठवून अडवणारी नळी) मोकळ्या हवेला उघडा. हा क्रम भिंतीवर मराठीत लिहून चिकटवा, कोकणीतही लिहिलात तर तंत्रज्ञांना आनंदच होईल. गळकी लाइन तशीच हवा ओढत राहिली तर ट्रॅपमध्ये ऑक्सिजन द्रव होतो: नायट्रोजन -१९६ ला उकळतो, ऑक्सिजन -१८३ ला. निळसर द्रव दिसला तर डेवर काढू नका, ट्रॅप कुठूनही बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. आर्गॉन वापरत असाल तर तोही -१८६ लाच द्रव होतो, म्हणून आर्गॉनची लाइन द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपकडे कधीच उघडी ठेवू नका.

वर्षाची आखणी पावसावरून करा. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ट्रायमिथाइल अॅल्युमिनियम, एमएओ (मिथाइलअॅल्युमिनोक्सेन), ब्युटाइललिथियम हे सगळं पाण्याला न चालणारं काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये. पावसाळ्यात सुझुकी कपलिंग, हवेत टिकणाऱ्या घन ग्रब्ज कॅटॅलिस्टची कामं, डीएससी (तापवून वितळणं वगैरे मोजणं), लिखाण. इन्फ्रारेड स्पेक्ट्रमसाठी केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) गोळ्या पावसाळ्यात बनवूच नका, ३४०० आणि १६४० ला पाणीच दिसेल. स्पेक्ट्रम एटीआरवर काढा, तिथं गोळी लागत नाही. केमिकलची मागणी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) किमान तीन आठवडे आधी टाका. चवथीत दुकानदार, कुरिअर, वर्कशॉप सगळं गावी असतं आणि तक्रार करून काही होत नाही. नाताळच्या आठवड्यातही तेच.

राहायचं कुठं? गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, तिथल्यांसाठी ताळगाव, सांताक्रूझ, बांबोळी बरं. बिट्स पिलानीचा कॅम्पस झुआरीनगरला, आयआयटी सध्या फर्मागुडीला, म्हणजे बाजार फोंड्याचा. समुद्रकाठचं घर ऑक्टोबरात सुंदर वाटतं, पण पर्यटकांच्या हंगामात भाडं वाढतं आणि मालकाला खोली परत हवी असते. ११ महिन्यांचा करार लेखी करा, पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी मालकाच्या मागे लागून करून घ्या. रिॲक्शन रात्री उशिरा संपते आणि शेवटची बस त्याआधीच गेलेली असते, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत दुचाकी घ्या. घड्याळाचं एक लक्षात ठेवा: दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात.

पैशांचं. महिन्याची फेलोशिप: जेआरएफ (ज्युनिअर) ३७,००० रुपये, एसआरएफ (सीनिअर) ४२,०००, हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. हप्ते उशिरा येतात, म्हणून निदान तीन महिन्यांचं भाडं आणि खानावळ हाताशी ठेवूनच या.

पुढच्या नोकरीचा विचार मात्र पहिल्याच वर्षी करा. पॉलिओलेफिनचं (पॉलिइथिलीनसारख्या प्लास्टिकचं) संशोधन करायचं असेल तर त्याच्या जागा गोव्यात जवळपास नाहीत, पुण्याच्या एनसीएलकडे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे) किंवा गुजरातकडे बघावं लागेल. इथं जागा आहेत त्या वेर्णा आणि आसपासच्या औषध कारखान्यांत, प्रोसेस केमिस्टच्या. तिथं मुलाखतीत कॅटॅलिटिक सायकलपेक्षा पॅलेडियम कसं काढलंत हे विचारतात. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला १० ग्रॅमचा डोस धरला तर १० पीपीएम. थीसिसमधलं एक तरी कपलिंग १० ग्रॅमवर करा आणि थायॉल-सिलिका किंवा अॅक्टिव्हेटेड कार्बन वापरण्याआधी आणि नंतरचा पॅलेडियमचा आयसीपी-एमएसवर (धातूचे अंश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेला आकडा तक्त्यात द्या. १०० मिलिग्रॅमवर ९८ टक्के उतारा दाखवणाऱ्या वीस उदाहरणांपेक्षा त्या एका ओळीला तिथं जास्त भाव आहे.

राज्य सरकारी आणि सरकारी कॉलेजांच्या जागांना १५ वर्षांचं गोव्यातलं वास्तव्य आणि कोकणीचं ज्ञान मागतात. नवख्यांनी त्या जाहिरातींवर भिस्त ठेवू नये. कोकणी मात्र शिकाच, मराठी माणसाला सहा महिन्यांत समजू लागते आणि काच फुंकणाऱ्याकडून श्लेंक फ्लास्क वेळेत दुरुस्त होऊन येतो.